समजल्याची सही

"कलम चार. काय समजलं, ते तुझ्या शब्दांत सांग," माझ्या वकीलबाई ग्रेटा म्हणाल्या. शनिवारी माझं एमेटशी लग्न होतं आणि त्याच्या घरच्यांनी पाठवलेला लग्नाआधीचा मालमत्तेचा करार आमच्यासमोर पडला होता.

"मेपलचं रान त्याच्या घराण्याचंच राहणार."

"कलम नऊ?"

"घटस्फोट झाला, तर तीस दिवसांत मी घर सोडायचं." त्याच घराच्या खिडक्या मी उन्हाळाभर रंगवत होते.

"अकरा?"

"तो वारला तरी तीसच दिवस."

"बघ पोरी, रडायला अख्खा महिना दिलाय. उदार आहेत हो!"

मला हसू आलं नाही. "सही नाही केली तर?"

"तर लग्न नाही. त्यांच्या वकिलाने तसं कळवलंय."

शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं: मला हे सगळं समजलं आहे.

"इथे सही केलीस, की पुढे कोर्टात 'मला कळलंच नव्हतं' म्हणता येणार नाही."

"म्हणजे तुम्ही दोन तास मला समजावलंत, ते त्यांच्यासाठी?"

ग्रेटाबाई चष्मा पुसत राहिल्या.

तेवढ्यात एमेटचा फोन आला. "काय गं, समजलं ना सगळं?" त्याने आनंदाने विचारलं.

"समजलं," मी म्हणाले आणि सही केली.