दिलखुलास गप्पांसह

आम्हा दोघा भावांचा एकच सिनेमा चालला. दादाने दिग्दर्शन केलं, कॅमेरा मी धरला. पुढे दोघांनीही बरेच हातपाय मारले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तेवढा एक. आणि त्या एका सिनेमाच्या जिवावर कंपनीने जो बाजार मांडलाय, तो बघून गिधाडांनाही लाज वाटेल. आधी साधी डीव्हीडी काढली. मग विशेष आवृत्ती, म्हणजे तीच डीव्हीडी, वर चंदेरी कागद. मग दिग्दर्शकाची आवृत्ती. मग लोखंडी डबा, आत पोस्टकार्डं. शिळ्या कढीला ऊत आणायचा तरी किती वेळा? पण घेणारे घेतात. एकजण माझ्याकडे सही मागायला आला होता. मी त्याचा डबा उघडायला लागलो तर ओरडला, "अहो, फोडू नका! प्लॅस्टिकवरच करा." सिनेमा बघितलाय का, असं विचारलं. म्हणाला, "लहानपणी. टीव्हीवर."

असल्या गिऱ्हाइकांच्या पायी आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचं थांबलो.

निमित्त झालं ते दिग्दर्शकाच्या आवृत्तीचं. सिनेमा एका लाँड्रीत घडतो. मागे चादरींच्या घड्या घालणारी एक बाई हवी होती, ती त्या दिवशी उगवलीच नाही. आई आमचे जेवणाचे डबे घेऊन आली होती. दादाने तिला एप्रन बांधला आणि टेबलामागे उभं केलं. म्हणाला, "आई, घरी घालतेस तशाच घड्या घाल. फक्त कॅमेऱ्यात बघू नकोस." आईने एक चादर घडी केली, दुसरी केली, तिसरी छातीशी धरली आणि बघितलं. सरळ कॅमेऱ्यात. भिंगामागे मी होतो. 'जेवलास का' असं विचारायच्या आधी ती जशी बघायची, तशीच बघत होती. पुन्हा घ्यायला फिल्म शिल्लक नव्हती, म्हणून तो शॉट तसाच लागला. सिनेमाघरात होता, पहिल्या डीव्हीडीत होता, चंदेरी कागदातही होता. मग आई गेली. दिग्दर्शकाची आवृत्ती निघाली तेव्हा तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या आवृत्तीत तो शॉट नव्हता.

मी फोन केला. "दादा, आई कुठंय?"

"शॉट चुकलेला होता. कॅमेऱ्यात बघते ती."

"इतकी वर्षं चालला की."

"इतकी वर्षं मला खुपला. हे बघ, सिनेमा माझा आहे."

"आणि आई? तीही तुझ्या एकट्याचीच का?"

त्याने फोन आपटला. मीही पुन्हा उचलला नाही. ताई, आमची थोरली बहीण, दोघांत निरोप पोचवून पोचवून थकली आणि शेवटी म्हणाली, "मरा मेल्यांनो, तुम्ही आणि तुमचा सिनेमा."

आता मी कॅटलॉगसाठी फोटो काढतो. नळ, कड्या, कुलपं. नळाचं एक बरं असतं, त्याला दिग्दर्शक लागत नाही. सहाव्या मजल्यावर एक खोली आहे, खिडकीसमोर पाण्याच्या टाक्या. दिवसभरात मला विचारला जाणारा एकच प्रश्न म्हणजे लिफ्टमधल्या शेजाऱ्याचा, 'वर का खाली?' कधी कधी मुद्दाम त्याच वेळेला निघतो, तेवढंच तोंड उघडतं. दादा याच शहरात राहतो. बस बदलावी लागत नाही.

अशात कंपनीचा माणूस आला. मी त्याला खोकेवाला म्हणतो, कारण त्याला सिनेमातलं फक्त खोकं कळतं. नवी आवृत्ती काढायची होती. सिनेमा चालू असताना मागून तो करणाऱ्यांनी बोलायचं, आठवणी सांगायच्या, असला प्रकार तिच्यात हवा होता.

"दादा आहे?" मी विचारलं.

"आहेत ना सर! तुम्ही दोघंही."

मी गेलो. खोटं कशाला बोलू, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. रस्त्याने जाताना पहिलं वाक्य जुळवत होतो. 'काय दादा' म्हणायचं की नुसतंच जाऊन बसायचं, यातच दोन स्टॉप पुढे गेलो.

भिंतींना स्पंज लावलेली खोली होती. एक पडदा, एक माइक, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी बाई. खुर्ची एकच.

"दादांचं झालं मागच्या आठवड्यात," खोकेवाला म्हणाला. "तुमचं आज घेऊ. नंतर आम्ही जोडतो."

"जोडता म्हणजे?"

"म्हणजे कळतच नाही, सर. एका सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं."

तेव्हाच उठून यायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. घरी येऊन काय करणार होतो, नळ पुसत बसणार होतो? बोललो. दोन तास एकटा पडद्याशी बोललो, मधेमधे 'बघ, दादा' म्हणत. आणि बोलायला लागल्यावर गळ्यातलं कायकाय सुटत गेलं. हिरोचा विग धुण्याच्या टबात पडला आणि धोब्याचं काम करणाऱ्या नटाने तो पिळून दोरीवर वाळत घातला, हे सांगताना तर मी मांडीवर थाप मारून असा हसलो, की काचेपलीकडची बाईही हसली. कोणीतरी माझ्याबरोबर हसल्याला फार दिवस झाले होते. आईच्या जागेवर सिनेमा आला तेव्हा मी काहीच बोललो नाही. जे नाहीच त्यावर काय बोलायचं?

महिन्याभराने खोकं आलं. वर पिवळा गोल चिकटवलेला: 'दोन भावांच्या दिलखुलास गप्पांसह'. मी डीव्हीडी लावली.

काय सांगू! आम्ही गप्पा मारत होतो. दादा म्हणायचा, "त्या दिवशी दिवेच आले नव्हते," आणि मी लगेच म्हणायचो, "हो, मग खिडकीच्या उजेडात घेतलं." तो हसायचा, मी हसायचो. माझ्या खोलीत दोन भाऊ बसले होते आणि त्यांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. मी आवाज वाढवला. हलकटांनी काम चोख केलं होतं.

मग ती जागा आली. दादाचा आवाज: "इथे आधी आमच्या आईचा एक शॉट होता. कॅमेऱ्यात बघायची. एका माणसाचा त्यात फार जीव होता, पण मी तो काढला."

आणि त्यावर मी हसलो. खदाखदा. मांडीवरच्या थापेसकट.

विगचं हसू. तिथून उचलून आईवर चिकटवलं होतं.

मी खोकेवाल्याला फोन केला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तिथं वातावरण फार जड होत होतं. तुमच्या हसण्याने हलकं झालं. लोकांना तीच जागा सगळ्यात आवडतेय."

"लोकांना आई नसते का?"

"पुढच्या आवृत्तीत बघू, सर."

नंतर ताईचा फोन. आधी आनंदाने रडली. "बोललात रे शेवटी! मी दोनदा ऐकलं. यजमानांनाही ऐकवलं." मग आवाज उतरला. "पण आईच्या नावावर असं हसलास? तू?"

मी तिला सगळं सांगितलं. वेगळे दिवस, वेगळ्या वेळा, एक खुर्ची.

"म्हणजे भेटलातच नाही?"

"नाही."

"निदान मला तरी सांगायचं नव्हतंस," ती म्हणाली. "मी त्यावर चार दिवस सुखात काढले होते."

आणि रविवारी दुपारी दादाचा फोन आला. नंबर माझ्याकडे होताच, नाव दिसलं.

"मी बोलतोय," तो म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता. डीव्हीडीत एवढा वाटला नव्हता. "ऐकलं मी. हसलास तू."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मला वाटलं होतं शिव्या देशील. मी त्यांना बजावून सांगितलं होतं, माझं बोलणं आधी त्याला ऐकवा, मगच त्याचं घ्या. सगळं ते तुझ्यासाठीच बोललो होतो. पुढचं त्यांनी डीव्हीडीत कापलं, पण तुला ऐकवलं असेलच. आणि ते ऐकून तू हसलास. म्हटलं, चला. सुटलो. येतोस का इकडे? गुडघ्यांमुळे मला जिना उतरवत नाही."

एक 'हो' म्हणायचं होतं. बस बदलावी लागत नाही. इतकी वर्षं मी ज्या फोनची वाट बघत होतो तो आला होता, आणि माझ्याकडून एका शब्दाचीही मागणी नव्हती. हसू आधीच पोचतं झालं होतं. पण आईला कापल्यावर मी हसलो, हे त्याच्या डोक्यात ठेवून त्याच्या सोफ्यावर जाऊन बसायचं? चहा प्यायचा? मला नाही जमलं. कोणाला जमत असेल तर त्याने खुशाल जमवावं.

"दादा," मी म्हणालो, "मला काहीच ऐकवलं नाही. ते हसू विगचं आहे. उचलून तिथं लावलंय."

पलीकडे पंख्याचा आवाज बंद झाला.

"विगचं," तो म्हणाला.

"हो. टबात पडला होता तो."

"आठवतंय. म्हणजे तू ऐकलंच नाहीस."

"काय होतं पुढे? आता सांग."

"आता कसलं..."

"सांग ना रे."

"ती तुझ्याकडे बघत होती," दादा म्हणाला. "मी कॅमेऱ्याच्या शेजारीच होतो, हातभर अंतरावर. तिला एप्रन मी बांधला, उभं मी केलं. ती बघत होती तुझ्याकडे. जितक्या वेळा सिनेमा बघितला तितक्या वेळा ती तुझ्याकडेच बघायची. आणि ती गेल्यावर तर मला ते... माइकसमोर बोलता आलं. तिथं कोणी नव्हतं. ठेवतो मी."

"दादा, थांब."

ठेवला होता. मी लगेच फोन लावला, त्याने उचलला नाही. संध्याकाळी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. बसने त्याच्या दारापर्यंत गेलो. बेल वाजवली. आतून काठीचा आवाज दारापर्यंत आला, थांबला, आणि परत आत गेला. मी दाराला तोंड लावून म्हणालो, "दादा, मी आहे." त्याला ते ठाऊक होतं, म्हणूनच तर परत गेला. समोरच्या दारातून एका बाईने डोकं काढलं. "आहेत ते घरात. ऐकायला कमी येतं हो त्यांना." मी मान हलवली आणि उतरलो.

हिवाळ्यात खोकेवाल्याचा फोन आला. नवी आवृत्ती. या वेळी लाकडी खोकं.

"तुम्हाला यायची तसदी नाही, सर. तुम्हा दोघांचा इतका आवाज आमच्याकडे पडलाय की अजून चार आवृत्त्या निघतील." मग जरा अडखळला. "फक्त एक आहे. दादांनी हट्ट धरलाय. त्या जागेवरचं तुमचं हसू काढा म्हणतात."

"काढा."

"काढतो हो. पण त्याऐवजी दुसरं काही लावूही देत नाहीत. तिथं तुमचं काही नको आणि त्यांचंही नको म्हणतात, रिकामं सोडा. आम्ही त्यांना समजावलं, अहो, गिऱ्हाईक म्हणेल डिस्क बिघडली. ऐकत नाहीत. तुमची हरकत असेल तर सांगा, म्हणजे मला त्यांना..."

"हरकत नाही."

"सर, बारा सेकंद आहेत. बारा सेकंद म्हणजे..."

"मला माहीत आहे किती असतात. सोडा."

लाकडी खोकं आलं तेव्हा दुपार होती. मी नळांचं काम बाजूला सारलं आणि ऐकत बसलो. दोघं बोलत होते, हसत होते, दिवे, खिडकी, विग, सगळं यथासांग. मग दादाचा आवाज म्हणाला, "पण मी तो काढला," आणि बंद झाला. लाँड्रीतली मशीनं तेवढी घरघरत राहिली. चादरींचं टेबल आलं, टेबलामागे कोणी नाही, आणि आम्ही दोघंही गप्प. तिकडे तोही आत्ता हेच लावून बसला असेल का, हे मला कोण सांगणार. मी खुर्चीत हललो नाही.

मग माझाच आवाज, भलताच उत्साहात, म्हणाला, "आता हा पुढचा शॉट बघ, दादा!" आणि दादा हसला.