शेंदराखालची पाटी

या, असे पुढे सरका, खांबाआड बसू नका. एक गोष्ट सांगतो. देवाची वाटेल, पण तिच्यात देव नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

परळला आमच्या मारुतीच्या देवळाबाहेर जुनी पाणपोई आहे. नळ कधीच सुकले. कठड्यालगत कंबरेएवढा दगड रोवलेला. चाळीस वर्षांपूर्वी हनुमान जयंतीला वाटीत शेंदूर उरला, तो मी त्या दगडाला फासला. वर अक्षरं होती. देवाच्या दारातली अक्षरं देवाचीच असणार, असं धरून मी ती वाचलीच नाहीत. पुढच्या शनिवारी कुणी तेल घातलं, मग रुईची माळ आली, वर पत्रा आला. झाला देव!

गेल्या वर्षी पलीकडच्या चाळीतल्या कांताताई आल्या. सत्तरीच्या, शाळामास्तरीण होत्या.

"गणपतदादा, तुमच्या देवाच्या पोटावर काय कोरलंय, ठाऊक आहे?"

"काय?"

"'हे पाणी स्पृश्यांकरिता. इतरांनी येथेच थांबावे.' माझी आई, तानूबाई, गिरणीतून सुटली की तिथं थांबायची. कुणी वरून ओतेल तोवर. तिला वाचता येत नव्हतं. मी तिसरीत गेल्यावर तिला वाचून दाखवलं. म्हणाली, 'एवढंच लिहिलंय होय?'"

त्या अर्ज करत राहिल्या. दगड काढायचा हुकूम निघाला. पहार घेऊन दोघे कामगार आले, शेंदूर बघितला, चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले.

मंडळाचा अध्यक्ष हितेंद्र धावत आला. "काका, लोकांच्या भावना दुखावतील हां!"

"अरे, परवा कीर्तनात बुवा तासभर काय सांगत होते? देवाला जात नसते. सगळ्यात जोरात टाळ्या तुझ्याच होत्या ना?"

"ते कीर्तन होतं, काका."

माझं डोकंच फिरलं. घरात गेलो, मालनचं उलथनं उचललं.

"अहो, माझं पोळ्यांचं आहे ते!" ती ओरडली.

कोमट पाणी ओतत तासभर खरवडलं. बोटभर जाड थर, चाळीस वर्षांचा. अक्षरं वर आली. कांताताईंनी सांगितली होती, तीच. हितेंद्रने वाचली, आणि फोन आल्यासारखं करून निघून गेला.

म्हटलं, आता तरी हलेल. कचेरीतले साहेब आले, फोटो काढले, खूश झाले. "शंभर वर्षांचा शिलालेख आहे! आता याला हात लावायचा तर वरची परवानगी लागेल."

कांताताई हसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. "बघा दादा, देव होता तेव्हा भावना आडव्या आल्या. आता वारसा म्हणे. जाऊ दे. हलेल तेव्हा हलेल. तोवर झाकू तरी देऊ नका."

परवानगी अजून आलेली नाही. दर शनिवारी कुणीतरी शेंदूर लावून जातंच, रविवारी मी खरवडतो. मालनने पोळ्यांना नवं उलथनं आणलंय. पहिला शेंदूर माझा होता, तर बोलू कुणाला?

तिकडून गेलात तर तेल नेऊ नका. क्षणभर थांबा, आणि उन्हात रिकामं भांडं धरून तिथं उभ्या राहिलेल्या तानूबाईची आठवण काढा.