नर्सबाईंनी माझी चाकं धुतली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना गाडा आहे. बैलांचा नव्हे, होडीचा. मला जीपच्या मागे जोडतात, पाठीवर होडी चढवतात आणि रस्त्याने पाण्यापर्यंत नेतात. होडीने पाण्यातून जायचं सोडून रस्त्याने का जावं, असं तुम्ही विचाराल. पण ठाण्याच्या खाडीकाठी बांधलेली होडी खडवलीच्या नदीत हवी असेल, तर ती उडत थोडीच जाणार? तिथवर खाडी पोचत नाही. मी पोचतो.

माझा जन्म लष्करासाठी झाला. लढाईच्या दिवसांत एक शिपाई माझी चाकं उतरवायचा, आतली बेअरिंगं रॉकेलने धुवायचा, कोरडी करायचा आणि ताजं ग्रीस भरून परत बसवायचा. बेअरिंग म्हणजे चाकाच्या पोटातलं पोलादी कडं. त्यात छोटे छोटे रूळ असतात आणि त्यांच्या जिवावर चाक फिरतं. लढाई संपली, शिपाई आपल्या गावी गेला आणि मी कल्याण कॅम्पातल्या गवतात लोळत पडलो. पुढे लिलावात ठाण्याच्या लिओने मला आणि एका जीपला एकदमच उचललं.

लिओ होड्या बांधायचा. हात सोन्याचे, जीभ त्याहून गोड. "उद्या होडी तयार!" हे वाक्य तो एकाच गिऱ्हाइकाला महिनाभर ऐकवू शकत असे, आणि गिऱ्हाईक हसतच परत जात असे. त्याचा जोडीदार राघो पूर्वी बैलगाडी हाकायचा. त्याने मलाही बैलच मानलं. लांबून दमून आलो की म्हणायचा, "लिओ, याला पयला पान्यात घाल. पाय तापलेत त्याचे." मग मला तसाच तापलेला खाडीत ढकलायचे. चाकं चर्रर्र करायची, आणि दोघे खूश!

आतली गोष्ट मात्र वेगळी होती. तापलेल्या चाकाच्या पोटातली, बेअरिंगभोवतीची हवा फुगलेली असते. ती एकदम गार झाली की आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. त्यातून ते खाडीचं खारं पाणी! माझं ग्रीस पातळ पेजेसारखं झालं, पण बाहेरून कोणाला काय कळणार?

माझे लाड कमी होत नव्हते, बरं का. सणाला लिओची आई बिट्रिस मला निळा रंग द्यायला लावायची, पाद्रीबाबा मंतरलेलं पाणी शिंपडायचे. दसऱ्याला राघो झेंडूचा हार घालायचा. चाकाच्या टोपीवर, म्हणजे बेअरिंगच्या झाकणावर, तो बाहेरून इतकं ग्रीस थापायचा की बघणाऱ्यांचे डोळे निवायचे. एकूण माझ्या जमेला रंगाचे थर होते, हार होते, दोन्ही धर्मांचे आशीर्वाद होते. फक्त टोपी काढून आत कोणी पाहिलं नव्हतं.

मग मंदाकिनीबाई आल्या. खडवलीकडच्या गावांत त्या नर्स होत्या. नदीपलीकडच्या बायकांची बाळंतपणं त्यांच्याकडेच. पावसाळ्यात तिथला तराफा वाहून गेला होता आणि गणपती गेले तरी नदी उतरली नव्हती. पलीकडे रंगूबाईचे दिवस भरत आले होते. तिचं आधीचं मूल दगावलं होतं, कारण नर्सबाईंना पाणी ओलांडता आलं नव्हतं. या खेपेला त्यांनी गावाच्या वतीने लिओला होडी सांगितली होती.

"उद्या तयार!" लिओ म्हणाला.

"छान. मग मी उद्यापर्यंत इथेच बसते," नर्सबाई म्हणाल्या, आणि ओसरीवर खरोखरच पिशवी ठेवून बसल्या.

बिट्रिसने त्यांना चहा दिला आणि लेकाला म्हणाली, "आता लाग कामाला. ही काय उठत नाय."

होडी तयार झाली! दुसऱ्या दिवशी नर्सबाई जीपमध्ये पुढे बसल्या, राघो मागे. मुंब्रा गेलं, शीळ गेलं. कल्याण ओलांडलं तसं माझं डावं चाक गुणगुणू लागलं.

"ऐक, गाडा गातोय," लिओ म्हणाला.

राघोने वर ठेका धरला. थोड्या वेळाने गाण्याचं रडणं झालं आणि टोपीतून धूर निघाला.

"थांबवा!" नर्सबाई ओरडल्या.

राघो सवयीने ओढ्याकडे पाण्याला पळाला. नर्सबाईंनी त्याला हाताला धरून मागे ओढलं. "ताप चढलेल्याला असं एकदम गार पाणी ओततात का? आपोआप निवू द्या. आणि मग उघडा."

"नर्सबाई, कालच ग्रीस लावलंय. बघा ना, केवढं हाय!" राघो दुखावला.

"कुठे लावलंत? टोपीवर? म्हणजे जखम आत आणि मलम पांघरुणाला!"

लिओ खो खो हसला. टोपी काढली मात्र, त्याचं हसू मावळलं. आतून पांढरट, गंजाचं पाणी ओघळलं.

"हे तर पिकलंय," नर्सबाई म्हणाल्या. "आधी धुवायचं. मग कोरडं करायचं. मलम शेवटी."

त्यांनी आपल्या कंदिलातलं रॉकेल डब्यात ओतून दिलं. लिओने बेअरिंग त्यात खळखळून धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि एकेक रूळ उन्हात फिरवून पाहिला. खड्डा पडला असता तर सगळंच संपलं होतं. पण माझं नशीब, नुसता डाग होता. मग त्याने राघोच्या डब्यातलं ग्रीस तळहातावर घेतलं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहिला, पलीकडून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत.

"करंजीत सारन भरतात तसं," राघो म्हणाला.

"तसंच. कोपरे रिकामे नकोत," नर्सबाई म्हणाल्या.

पाणी अडवणारी आतली चामड्याची चकती कुजली होती. नवी कुठून आणायची? सगळ्यांनी राघोच्या पायांकडे पाहिलं. "अरे, नवीन वहाण हाय माझी!" तो म्हणाला, पण एक वहाण काढून दिलीच. लिओने तिच्यातून चकती कापून बसवली, नट आवळून किंचित सैल केला, पिन घातली, चाकाला टिचकी दिली. ते बिनआवाजी फिरत राहिलं. उजव्या चाकाचंही तसंच केलं, तेव्हा कुठे आम्ही निघालो. एका पायात वहाण घातलेला राघो वाटभर माझं चाक कसं झकास फिरतंय ते सांगत होता.

खडवलीला पोचलो तर पलीकडच्या काठावरून रंगूबाईचा नवरा गोविंदा दोन्ही हात हलवत ओरडत होता, "नर्सबाई, लवकर! सकाळपासून कळा हायत!"

लिओने घाईघाईने मला पाण्याकडे वळवलं. नर्सबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या चाकाला हात लावून पाहिला. चाक अजून गरम होतं.

"हा आत जायचा नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाईच्या वेळी होडी दुरुस्तीला न्यायची तर हाच लागेल ना? होडी उचला!"

काठावरची माणसं धावली. लिओ, राघो आणि सगळ्यांनी मिळून होडी खांद्यावर घेतली, "हैय्या" करत पाण्यात सोडली. नर्सबाई चढल्या, लिओने वल्हं मारलं. जन्मात पहिल्यांदाच मी माझ्या होडीला कोरड्या जागेवरून निरोप दिला.

राघो माझ्या कण्यावर बसून राहिला. ऊन कलायला लागलं, तेव्हा पलीकडून गोविंदाचा आवाज आला, "पोरगी झाली! दोघी झ्याक हायत!" राघोने डोळे पुसले आणि माझ्या चाकावर थाप मारली. म्हणाला, "निवलास रं बाबा."

मित्रांनो, तुमच्याही घरी फिरणारं काहीतरी असेलच. सायकल असेल, रहाट असेल, शिवणाचं मशीन असेल. त्याला हार घाला, रंग द्या, मी नको म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा तरी टोपी काढून आत बघा. तुमची वाट बघत पलीकडच्या काठावर कोणीतरी उभं असतं, आणि त्याला आमचा रंग दिसत नाही. आम्ही पोचलो की नाही, एवढंच दिसतं.