महाराणीचा निकाल स्वच्छ आहे

येवांदेचा निकाल स्वच्छ आला. कुठलाही रोग निघाला नाही. ही बातमी आपण ऐकलीच नाही असं समजू या, कारण येवांदेही तसंच समजून चालली होती.

तर, लंडनच्या पेकहम भागात एका मासेवाल्याच्या दुकानावरच्या फ्लॅटात येवांदे आणि रनेल राहायच्या. दोघींची शाळेपासूनची मैत्री. एकीचं घर मूळचं नायजेरियाचं, दुसरीचं जमैकाचं, आणि भात कुणाकडचा चांगला या विषयावर कायमचं भांडण. गुप्तरोगांच्या घरगुती तपासणीचे डबे मागवायची टूम रनेलची. दक्षिण लंडनमधल्या काळ्या बायकांनी आपल्यासारख्यांसाठीच ही सेवा काढली होती. फोनवर टोपणनाव द्यायचं, मग पोस्टाने साधा खोका येतो. बोट टोचून नळीत रक्त भरायचं, कापसाची काडी जिथे फिरवायची तिथे फिरवायची आणि सगळं पोस्टाच्या पेटीत टाकून यायचं. दवाखान्याच्या दारात चर्चमधली एखादी आंटी भेटायची भीती नाही. येवांदेने टोपणनाव घेतलं महाराणी. रनेलने घेतलं भेंडी, कारण तेव्हा ती भेंडी चिरत होती.

येवांदेच्या पोटात दुखायला लागलं ते रक्त काढतानाच. रनेलची नळी बोलावल्यासारखी भरली. येवांदेने गरम पाण्यात हात बुडवले, खोलीभर उड्या मारल्या, बोट गाईच्या आचळासारखं पिळलं. तिचं रक्त जुन्या भाडेकरूसारखं आतच बसून राहिलं.

"तुझं रक्तसुद्धा तुझ्यासारखंच," रनेल म्हणाली. "आधी विनवण्या करून घेतं."

निकाल एकाच दुपारी आले. येवांदेच्या फोनवर आलं, 'अभिनंदन, महाराणी! तुमचा निकाल स्वच्छ आहे. तीन महिन्यांनी भेटू.' हे यंत्राने पाठवलं होतं. रनेलला क्लॅमिडिया निघाला आणि तिला माणूस मिळालं.

सेवेचा नियमच तसा होता. ज्यांचं काही निघेल त्यांच्याशी एक खरीखुरी नर्स फोनवर लिहून बोलणार. नर्साही टोपणनावानेच बोलायच्या; रनेलच्या वाट्याला सिस्टर ग्रेस आली. रनेल आधी रडली, मग टाइप करत बसली. आठवडाभर गोळ्या घ्यायच्या होत्या आणि ही गोष्ट ज्याला सांगायला हवी त्या मित्राला सांगायची होती. त्याला काय लिहायचं ते ग्रेसने शब्दन् शब्द सुचवलं. यात लाजायचं काय, सर्दी झाली की लाजतेस का, असंही विचारलं. प्रत्येक निरोपागणिक रनेल थोडी हलकी व्हायची आणि येवांदे थोडी जड. मैत्रिणीला धीर द्यायचं काम आजवर तिचं होतं. आता तिच्याकडे फक्त चहा करायचं काम उरलं होतं.

मंगळवारी रनेलने नवा निरोप वाचून दाखवला. "ऐक. 'गोळी रिकाम्या पोटी घेऊ नकोस, बाळा. आणि पाकिटातले नूडल्स म्हणजे जेवण नव्हे, ती जेवणाची बातमी आहे.' कसली भारी बाई आहे."

येवांदेचा चमचा हवेतच राहिला. नूडल्सबद्दलचं ते वाक्य जगात एकच बाई बोलायची. ती बाई निवृत्त नर्स होती आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर काम करायची. घरच्यांना वाटायचं चर्चचे हिशेब आहेत. ती येवांदेची मम्मी होती. 'बाळा' हा शब्द मात्र येवांदेने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

रनेलला हे सांगायची सोय नव्हती. ती लहानपणापासून मम्मीच्या टेबलावर जेवत आली होती; कळलं असतं तर पुन्हा त्या घराची पायरी चढली नसती. भेंडी म्हणजे कोण हे मम्मीलाही माहीत नव्हतं. क्लॅमिडिया कसा होतो हे येवांदेने पुन्हा एकदा नीट वाचून काढलं आणि इतकी खटपट या महिन्यात जमणार नाही असं ठरवलं.

गुरुवारी ती मम्मीकडे जेवायला गेली.

"मम्मी, मी ती तपासणी केली. घरच्या घरी करतात ती."

मम्मीने पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. "कसली तपासणी?"

"तीच."

"येवांदे, समोर अन्न आहे."

"काही निघालं नाही."

"मग बोलायचं काय राहिलं?" म्हणत मम्मीने माशाचा मोठा तुकडा तिच्या ताटात टाकला. मग रविवारी चर्चला न आल्याबद्दल तिला चार शब्द ऐकवले, आपल्याला काम आहे असं सांगितलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

येवांदे ताट घेऊन जिन्यावर बसली. दाराआड बोटं चालत होती. मधूनच मम्मी चुकचुकत होती, मधूनच हसत होती. असं हसताना तिला येवांदेने फक्त टीव्हीसमोर पाहिलं होतं. तिने फोन काढून लिहिलं, माणूस हवं. यंत्राने विचारलं, कुठला रोग निघाला? तिने लिहिलं, काहीच नाही. यंत्र म्हणालं, 'अभिनंदन, महाराणी!' तिने लिहिलं, मला एकटं वाटतं. यंत्राने श्वासाचा व्यायाम पाठवला. त्यात एक कासव होतं.

तेवढ्यात रनेलचा निरोप आला, 'ग्रेस विचारतेय जेवले का म्हणून. बघ, कुणाला तरी माझी काळजी आहे.'

येवांदेने मासा संपवला, बोटं चाटली आणि सेवेच्या पानावर खाली सूचनांसाठी जागा होती तिथे लिहायला घेतलं.

'प्रति, सेवाप्रमुख. विषय: स्वच्छ निकाल आलेल्या अर्जदारास माणूस मिळणेबाबत. महोदया, अर्जदार सध्या आपल्या सिस्टर ग्रेस यांच्यापासून एका दाराच्या अंतरावर बसलेली आहे. अर्जदारास कोणताही रोग नाही, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. अर्जदार जेवलेली आहे, परंतु विचारल्याखेरीज ते सांगणार नाही. तरी रोगाची अट शिथिल करून, सदर सिस्टर यांनी आठवड्यातून किमान एकदा अर्जदारास जेवलीस का असे लेखी विचारावे व वाक्याच्या शेवटी बाळा हा शब्द जोडावा, ही नम्र विनंती.'