दुर्गाबाईंच्या वाट्याचे दोन लिटर

"माताजी, ये दो बोतल आपकी हैं?"

नागपूर विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं दुर्गाबाईंची पिशवी उघडून विचारलं. शेजारी त्यांचा एकुलता एक मुलगा अश्विन पासपोर्ट चाळत उभा. पाचच मिनिटांपूर्वी तो कानाशी कुजबुजला होता, "आई, एका मानसाले दोनच लिटर आनता येते. माह्याजवळ चार हायेत. दोन तुह्या म्हन. ऑफिसातल्या साहेबाले शब्द देल्ला हाय मी."

दुर्गाबाईंनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा बाटल्यांकडे.

"हो. माह्या."

"पीती हैं आप?" तो हसला.

"त्याच्याशी तुमाले काय करा लागते?"

त्यानं पिशवी परत दिली.

आता ही बाई कोण, तर बार्शीटाकळीजवळच्या गावातली निवृत्त अंगणवाडी सेविका. अकरा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायांचं मतदान झालं. चालू ठेवायचं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं तर आडव्या. तेव्हा दुर्गाबाई दारोदार फिरल्या, शिव्या खाल्ल्या आणि दुकानाला कुलूप लावूनच घरी बसल्या. रोज सकाळी पंचशील म्हणायच्या. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूचं. आज एका 'हो'त चौथं तर गेलंच, पाचव्यालाही धक्का लागला.

बरं, ज्या बोटीच्या सहलीहून त्या परतत होत्या तिची हौस त्यांना नव्हतीच. सून दीक्षा विम्याची एजंट. कंपनीनं तिला बक्षीस म्हणून दुबईहून निघणाऱ्या बोटीची चार दिवसांची सहल दिली, दोघांची. पण तिला सातवा लागलेला, डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं. मग तिच्या जागी सासू गेली. चार दिवस समुद्र पाहिला, बेचव भात खाल्ला, आणि येताना अश्विननं दुबईच्या विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून एक-एक लिटरच्या चार बाटल्या घेतल्या.

विमानतळाबाहेर त्यांच्याच गावचा बंडू गाडी घेऊन आला होता. चाळिशीचा माणूस, दोन पोरींचा बाप, जुनी गाडी भाड्यानं चालवायचा. बाटल्या बघून तो म्हणाला, "भाऊ, मधात वर्धा जिल्हा लागते. तिथं दारूबंदी हाय. निवडनुकीची नाकाबंदी बी हाय."

"दुबईहून पार करून आनल्या," अश्विन हसला. "वर्धा काय करते?"

"टाकून दे," दुर्गाबाई म्हणाल्या.

"आई, तू गप बस."

त्यानं चारही बाटल्या टॉवेलात गुंडाळून बंडूच्या सीटखाली सारल्या. "माह्या सीटखाली नका ठेवू ना भाऊ," बंडू म्हणाला. पण भाड्याच्या माणसाचं कोण ऐकतं.

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या अलीकडे नाका लागला. पोलिसानं सीटखाली हात घातला आणि टॉवेल बाहेर ओढला.

"कोनाच्या ह्या?"

त्यानं टॉवेल सोडून बाटल्या मोजल्या.

"सीट तुही, गाडी तुही," पोलीस बंडूला म्हणाला. "चाल, उतर खाली. गाडी बी जमा होईन."

बंडूनं मागं वळून अश्विनकडे पाहिलं. अश्विननं मोबाइल काढला आणि त्यात बोट फिरवत बसला. नांदगाव खंडेश्वरला तलाठी होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. केस झाली तर नोकरी जाणार, हे दुर्गाबाईंना ठाऊक होतं. पण म्हणून तो तोंड उघडणारच नाही, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना पोराचा संताप आला, आणि लाजही वाटली.

त्या दार उघडून उतरल्या.

"त्याच्या नाहीत. माह्या हायेत."

"चारही?"

"चारही. त्याले सोडा. नागपूरच्या कस्टमात विचारा, तिथं बी मी माह्याच म्हनलं हाय."

पोलिसानं त्यांच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं, मग गाडीत बसलेल्या अश्विनकडे. त्याला समजायचं ते समजलं असावं. पण कबूल करणारं माणूस समोर उभं होतं. बंडूला नि त्याच्या गाडीला त्यानं सोडलं आणि कागद काढला. नाव, वय, गाव.

"धंदा?"

"अंगनवाडी सेविका. रिटायर."

पोलिसानं तेही लिहिलं.

"आजी, सही का अंगठा?"

"आधी वाचू द्या."

सदर महिला चार बाटल्या विदेशी दारू स्वतःच्या ताब्यात बाळगताना मिळून आली. दुर्गाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग बोनेटवर कागद ठेवून, पोरांना पाटीवर गिरवायला देत तशा ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.

पोलिसानं बाटल्या ठेवून घेतल्या आणि "कोर्टातून बोलावनं येईन" म्हणत सगळ्यांना जाऊ दिलं. अश्विन आता गाडीतून उतरून उभा होता. "आपन वकील पाहू, आई. म्हाताऱ्या बाईले काई करत नाहीत."

त्याच्याकडे न बघता दुर्गाबाई पुढचं दार उघडून बंडूशेजारी बसल्या. बंडूनं आपला डबा नि दुपट्टा सीटवरून उचलून जागा केली.

"काकू, पट्टा लावा."

त्यांना तो लावता येईना. बंडूनं वाकून लावून दिला.