निळ्या झग्यातली नावाची पट्टी

मी एक जुना निळा झगा आहे. मित्रांनो, आता मला कोणी निळा म्हणणार नाही, पण जन्मलो तेव्हा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दोन वर्षं आधी लंडनच्या एका महागड्या शिवणघरात टफनेलबाईंनी मला शिवलं. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायची त्यांची सवय होती. "आज बारीक आहेत, उद्याचं कोणी सांगावं?" असं त्या म्हणायच्या.

मी वेनिंगबाईंचा होतो. उंच बाई, बोलणं मोजकं. त्यांचा मुलगा बॅझिल एकवीस वर्षांचा झाला, त्या समारंभात त्यांनी मला घातलं. बॅझिलने आईला नाचायला ओढलं आणि तीनदा तिच्या पायावर पाय दिला. बाई इतक्या हसल्या की माझा एक हूक तुटला. पुढे लढाई लागली. बॅझिल आरमारात गेला आणि मी कपाटात गेलो. 'परत आलो की तोच निळा झगा घाल. पहिला नाच तुझ्याबरोबर,' असं त्याने पत्रात लिहिलं होतं. म्हणून बाईंनी मला डांबराच्या गोळ्या घालून जपलं.

खरं सांगतो, मला तिथे फार भाव चढला होता. बाहेर कपडे घ्यायला रेशनची कुपनं लागत होती. बाया जुन्या पडद्यांचे फ्रॉक शिवत होत्या, मोजे मिळत नाहीत म्हणून पाय रंगवत होत्या. आणि मी सात वार रेशीम घेऊन नुसता लटकत होतो.

टफनेलबाईंचं शिवणघर तोवर सैनिकांचे गणवेश शिवू लागलं होतं. बाईंचं मन तिथे रमेना. त्या एका बॅले मंडळीत कपडे सांभाळायला लागल्या. अंधार पडायच्या आत लोकांना घरी जाता यावं म्हणून तिथले खेळ दुपारी एकला होत. कचेरीतली माणसं मांडीवर डबा घेऊन बघायची.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या जानेवारीत मंडळीच्या गोदामावर बॉम्ब पडला. ईनिड पॅस्को नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती, तिचा झगा त्यात जळाला. नवा शिवायला कुपनं नव्हती. बॅलेचे बूट दोन खेळांत फाटतात, सगळ्यांची कुपनं त्यातच जात. झगा मिळाला नाही तर भूमिका दुसरीला जाणार होती, कारण दुसरीच्या अंगाचा झगा शाबूत होता.

टफनेलबाई थेट वेनिंगबाईंच्या दारात गेल्या.

"न्या खुशाल," वेनिंगबाई म्हणाल्या. "पण कात्री लागता कामा नये. मला हा जसाच्या तसा परत हवाय."

"शब्द देते बाई."

आतल्या दोन बोटांमुळे माझी काख उसवून सैल करता आली आणि ईनिडचे हात वर जाऊ लागले. खालचा घेर मात्र लांब होता. तो हातभर दुमडून टफनेलबाईंनी नुसता धावदोरा घातला. त्या मंडळीत जी नाचेल तिच्या नावाची पट्टी झग्याच्या कमरेत आतून शिवत. माझ्यात ईनिडची पट्टी टाचणीने लावली. परत जायचं होतं ना.

"शिंकायचं नाही, बसायचं नाही," टफनेलबाईंनी तिला बजावलं.

"श्वास घेऊ?"

"थोडा घे."

गुरुवारी खेळ लागला. वेनिंगबाई तिसऱ्या रांगेत होत्या. मध्येच हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. जायचं असेल त्यांनी जावं, अशी पाटी लागली. नेहमीप्रमाणे कोणी उठलं नाही. तोफांच्या आवाजाने फळ्या हादरल्या, ईनिडच्या जोडीदाराचा पाय चुकला आणि दुमडलेल्या घेरावर पडला. धावदोरा सुटला, रेशीम टर्रकन फाटलं. ईनिड नाचत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडदा पडल्यावर ती रडायला लागली. "आता काय तोंड दाखवू त्यांना?"

"कापला असता तर फाटला नसता," टफनेलबाई म्हणाल्या. "पण शब्द होता माझा."

तेवढ्यात वेनिंगबाई आत आल्या. ईनिड एका दमात म्हणाली, "बाई, माझीच चूक. मी रफू करून देते. तुमचा मुलगा यायच्या आत तुमच्या घरी पोचवते."

वेनिंगबाईंनी फाटलेली कड हातात घेतली. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी तार आली."

बॅझिलचं जहाज त्याच्यासकट बुडालं होतं. तीन दिवस बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. कळलं तर टफनेलबाई झगा परत आणून देतील आणि मुलीचा खेळ मोडेल, म्हणून त्या गप्प राहिल्या. टफनेलबाईंनी चहा टाकला.

"कात्री आहे?" वेनिंगबाईंनी विचारलं.

"बाई, नंतर पस्तावाल."

"नाचताना पायात येत होता. मी बघत होते."

त्यांनी स्वतः माझा घेर कापला. मला दुखेल असं वाटलं होतं. दुखलं नाही, हलकं वाटलं. मग त्यांनी पर्समधून एक कापडी पट्टी काढली. लाल अक्षरांत विणलेलं होतं: बी. वेनिंग. "शाळेत घातला तेव्हा त्याच्या कपड्यांना लावायला सहा डझन करून घेतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "पुष्कळ उरल्यात." आणि ईनिडच्या पट्टीची टाचणी काढून त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी बारीक टाक्यांनी शिवल्या.

त्यानंतर मी अकरा वर्षं नाचलो. कमरेत आणखी सहा नावं आली. मग नवे कपडे आले आणि मी पेटाऱ्यात पडलो, कसरीने एक बाही खाल्ली. तक्रार नाही. पण मित्रांनो, जुना कपडा टाकण्याआधी आतून उलटून बघत जा. त्यात कोण आहे ते बाहेरून कळत नाही.

मागच्या वर्षी पेटारा उघडला. कपडे सांभाळणारी नवी मुलगी जुनी नावं काढायची म्हणून पट्ट्या उसवायला बसली. लाल अक्षरांपाशी थांबून तिने विचारलं, "हा वेनिंग कोण? कुठली भूमिका करायचा?"

ईनिड शेजारीच होती; आता म्हातारी झाली आहे, मंडळीतल्याच मुलींना शिकवते. तिने पट्टीवर बोट ठेवलं.

"ती राहू दे," ती म्हणाली. "त्याचा नाच अजून बाकी आहे."