एका रकान्यात दोघं

कुलूपवाल्याकडे लहानमोठे अठ्ठावीस स्क्रूड्रायव्हर होते. सगळ्यात बारीक तर गवताच्या काडीएवढा. तरी त्याच्या बायकोच्या चष्म्याची दांडी ढिली झाली, की ती रस्ता ओलांडून समोरच्या चष्मेवाल्याकडे जायची. आणि दांडी आठवड्यातून दोनदा तरी ढिली व्हायचीच.

स्क्रू पिळायला चार श्वास पुरतात. तिला अर्धा तास लागायचा, कारण चष्मेवाला तिच्या भाषेचा होता. लग्न होऊन आल्यावर ती नवऱ्याची भाषा शिकली, आणि अशी शिकली की भाव करताना भाजीवाल्यांनी तिच्यापुढे हात टेकावेत. पण समोरच्या दुकानात शिरली की तिची जीभच बदलायची. तिथे ती मान मागे टाकून हसायची. घरी हसली तर ओठ मिटून.

कुलूपवाल्याला त्या भाषेतले वीसेक शब्द कळत. तो किल्ली कानशीने घासत बसायचा आणि कान समोर लावायचा.

"काय एवढं बोलत होता?" ती परतली की तो विचारायचा.

"काही नाही. त्याच्या मावशीचे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांवर अर्धा तास?"

"दोन आहेत तिला."

चष्मेवाला साठीचा, टकला, सारखं नाक ओढणारा. वहीम घ्यावा असं त्याच्यात काही नव्हतं, हे कुलूपवाल्यालाही कळायचं. पण बावीस वर्षांच्या संसारात आपल्याला जे हसू एकदाही मिळालं नाही, ते या नाक ओढणाऱ्याला बसल्या जागी मिळतं, हे त्याच्या छातीत सलत राहायचं.

त्या वर्षी सरकारने भाषेप्रमाणे राज्यं पाडायचं ठरवलं. गाव दोन भाषांच्या अगदी शिवेवर. ज्या भाषेची माणसं जास्त भरतील, त्या राज्यात गाव जाणार होतं. मोजणीचे कारकून घरोघर फिरून माणसागणिक भाषा लिहून घेऊ लागले. कुलूपवाल्याच्या बाजूचा पुढारी होता गिरणीवाला. तो अंगावरचं पीठ झटकत दुकानात आला.

"तुझ्या घरात फूट आहे रे. एक माणूस इकडे, एक तिकडे. राज्याची शीव तुझ्या चुलीवरून जाणार बघ."

कुलूपवाला हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात रुतून बसलं.

दोनच दिवसांनी भर दुपारी कारकून आला. त्याने कुलूपवाल्याची भाषा लिहिली आणि विचारलं, "बाई कुठे आहेत?"

"बाहेर गेलीय."

समोरून तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

"माणूस घरी नसेल तर कर्त्याने सांगितलं तरी चालतं. त्यांची भाषा?"

"माझीच," कुलूपवाला म्हणाला. कारकुनाने दोघांना एकाच रकान्यात लिहिलं. कुलूपवाल्याने खाली सही केली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच समोरचं हसणं ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला नाही. हस किती हसायचं ते, त्याच्या मनात आलं, कागदावर तू माझी आहेस.

याद्या कचेरीच्या भिंतीवर लागल्या. बायकोने पाणी आणताना वाटेत यादी वाचली आणि घरी येऊन पाण्याचा हंडा खाली ठेवला.

"मी तुमच्या भाषेची आहे म्हणे."

"एका घरात एक भाषा बरी दिसते," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

भांडली असती तर त्याची तयारी होती. भांडली नाही. दोन दिवसांनी चष्मा त्याच्यासमोर धरून म्हणाली, "दांडी घट्ट करून द्या." त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याने स्क्रू पिळला. चार श्वास.

"झालं?"

"झालं."

ती चष्मा घालून आत निघून गेली.

मग हळूहळू त्याच्या ध्यानात येऊ लागलं. पूर्वी ती मांजराला हाकलायची ते आपल्या भाषेत. दूध उतू गेलं की दुधाला रागवायची तेही आपल्याच भाषेत, आणि वेणी घालताना काहीतरी गुणगुणायची. त्याचे ते वीस शब्द अशाच वेळी कानावर पडून गोळा झाले होते. आता समोरच्या दुकानात जाणंही थांबलं आणि गुणगुणणंही. मांजराला ती त्याच्या भाषेत "जा" म्हणायची आणि मांजर जागचं हलायचं नाही. एकदा तव्यावर तिची दोन बोटं भाजली. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग तिने त्याच्या भाषेत सांगितलं, "भाजलं."

कचेरीत पत्ता सांगावा तसं.

आता मत्सर कुणाचा करायचा, हेही त्याला उमगेना. ते सगळं बोलणं ती मनातल्या मनात कुणाशी तरी करत असणार. चष्मेवाल्याचं दुकान निदान डोळ्यांसमोर होतं. या नव्या जागी कान लावायचीही सोय नव्हती.

हरकती घ्यायची मुदत शनिवारपर्यंत होती. शुक्रवारी सकाळी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि म्हणाला, "चल, कचेरीत जाऊ."

"कशाला?"

"चूक लिहिलंय ते दुरुस्त करायला."

ती चपला घालून निघाली. वाटेत गिरणीवाला आडवा आला.

"जोडीने कुठे?"

"नोंद बदलायला. हिची."

"डोकं फिरलं का तुझं? एकेका माणसासाठी आम्ही जिवाचं रान करतोय."

"मग तुझी बायको दोनदा लिहून घे," कुलूपवाला म्हणाला आणि पुढे झाला.

खिडकीपाशी ही मोठी रांग. त्यांची पाळी आली तेव्हा कुलूपवाल्याने हरकतीचा कागद पुढे केला. आतला तरुण कारकून मान वर न करता म्हणाला, "ज्यांची नोंद त्यांनीच बोलायचं. बाई, भाषा कोणती?"

ती खिडकीशी गेली. भाषेचं नाव तिने सांगितलंच नाही. त्या भाषेत एक लांबलचक वाक्य बोलली.

कारकुनाने मान वर केली. त्याच भाषेत त्याने काही विचारलं, तिने सांगितलं. मग तो काहीतरी बोलला आणि ती हसली. मान मागे टाकून, पूर्वीसारखी. कारकूनही हसला.

विशी-बाविशीचं हे पोर, कुलूपवाल्याच्या मनात आलं, याला ते हसू आल्या आल्या मिळालं.

"काय म्हणतो तो?" त्याने विचारलं. तिने ऐकलंच नाही.

मागून कुणीतरी खेकसलं, "अहो, आटपायला सांगा तुमच्या बाईंना. आम्हाला काय कामधंदे नाहीत?"

कुलूपवाला मागे वळला. "बोलू द्या तिला," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे वळून कारकुनाकडे असा टक लावून बघत राहिला, की बिचाऱ्याने बोलता बोलताच खुर्ची वीतभर मागे सरकवली.